गल्लीतल्या मुलांना झाडं-पाखरं शिकवायची तर कोल्हापुरात कुठे न्यावं?

टाऊन हॉलच्या बागेत न्या, आणि दर महिन्याला तिथेच न्या. नवी जागा दाखवण्यापेक्षा तीच चार झाडं वर्षभर बघितली की पानगळ, पालवी, मोहोर, फळ आणि फळावर येणारी पाखरं हे सगळं मुलांच्या डोक्यात पक्कं बसतं; आमच्या तालीम मंडळाच्या पोरांबरोबर मी असंच करत आलोय. वाटेत कुठेही उंबर दिसला तर तिथे भरपूर वेळ थांबा. खाली पडलेलं फळ फोडून भिंगाखाली धरा: आत दाटीवाटीने बारीक फुलं आणि बहुतेक वेळा केंबरं, म्हणजे उंबरातले बारीक किडे. या केंबरांतलीच एक जात परागकण वाहते. ती नसेल तर उंबरात बी धरत नाही, आणि उंबर नसेल तर तिला अंडी घालायला जागा नाही. हे डोळ्यांनी बघितलेल्या मुलाला परागीभवन घोकावं लागत नाही. अधूनमधून रंकाळा तलावावर एक फेरी काढा. सांडपाण्यातलं नायट्रोजन, फॉस्फरस जलपर्णीला खतासारखं लागू पडतं, हे काठावर उभं राहून सांगितलं की चटकन कळतं.

सोबत एवढंच घ्या:
- दोन-तीन भिंगं
- वही आणि पेन्सिल

एक अट मात्र पाळा: एका वेळी दहा-पंधराच मुलं. अख्खा वर्ग नेला तर मागच्यांना काही दिसत नाही आणि गलक्याने पाखरं उडून जातात. मुलं जास्त असली तर दोन रविवार करा.