आधी हद्द, मग आकडा

सप्रेम नमस्कार,

तुझे पत्र दोनदा वाचले. बारा माणसांच्या कार्यालयात सर्व्हर बसवून द्यायचा आहे, मालकाने फोनवरच ‘किती घ्याल?’ असे विचारले, तू गडबडून एक आकडा सांगितलास आणि त्याने तो तत्क्षणी मान्य केला. इतक्या पटकन मान्य झाला त्या अर्थी कमीच सांगितला गेला असणार, या विचाराने आता तुझी झोप उडाली आहे. शेवटी तू तीन प्रश्न विचारले आहेस: पैसे तासाप्रमाणे घ्यावेत की ठोक, तासाचा दर कसा ठरवावा, आणि सांगितलेला आकडा आता वाढवता येईल का. तिन्हींची उत्तरे देतो; पण जो प्रश्न सर्वांत आधी पडायला हवा होता तो तुझ्या पत्रात कुठेच नाही, म्हणून सुरुवात तिथूनच करावी लागेल.

त्या आकड्यात काय काय येते? तो कमी की जास्त हे मला सांगता येणार नाही आणि तुलाही येणार नाही, कारण तो नेमका कशाचा आकडा आहे हे तुम्हा दोघांपैकी कोणालाच ठाऊक नाही. मालकाच्या लेखी सर्व्हर बसवणे म्हणजे सोमवारी सकाळी सगळ्यांचे काम सुरू होणे, जुन्या फाइली जागच्या जागी सापडणे, प्रिंटर चालणे आणि पुढे केव्हाही काही अडले तर तू फोन उचलणे. तुझ्या लेखी ते काम म्हणजे एक यंत्र, ऑपरेटिंग सिस्टिम, बारा जणांची खाती आणि सामायिक फोल्डर. या दोन समजुतींमध्ये जे काम उरते ते कोणाला तरी फुकट करावे लागते, आणि मालक ते करणार नाही हे उघड आहे. म्हणून आधी हद्द, मग आकडा. हा मुद्दा या पत्रात पुन्हा पुन्हा येईल; कंटाळा आला तरी वाच.

मी हे कसे शिकलो तेही सांगतो. सुरुवातीच्या काळात मी एका लहान कार्यालयाचा जुना सर्व्हर बदलून नवा लावण्याचे काम ठोक रकमेत घेतले होते. शनिवारी दुपारी सुरुवात, रविवारी संध्याकाळी शेवट, असा माझा हिशेब होता. ऑपरेटिंग सिस्टिम, खाती, परवानग्या हे सगळे शनिवारी रात्रीपर्यंत आटोपले. मग सुमारे दोन टेराबाइट जुनी माहिती नव्या यंत्रावर हलवायला घेतली आणि लक्षात आले की मधला स्विच, म्हणजे संगणक एकमेकांना जोडणारी पेटी, सेकंदाला शंभर मेगाबिटचा आहे. त्या वेगाने दोन टेराबाइट जायला, मध्ये कसलाही अडथळा आला नाही असे धरले तरी, चव्वेचाळीस तास लागतात. दहापट वेगाच्या, गिगाबिटच्या स्विचवर तेच काम साडेचार तासांच्या आसपास होते. रविवारी नवा स्विच कोठून आणणार? सोमवारी सकाळी माणसे कामावर आली तेव्हा निम्म्या फाइली इकडे आणि निम्म्या तिकडे होत्या. मालक रागावला, आणि त्याचे काही चुकले नाही. स्विच त्याचा होता, पण आकडा सांगण्याआधी तो स्विच पाहिला नव्हता तो मी.

तेव्हापासून मी पाहणी केल्याशिवाय दर सांगत नाही, आणि पाहणीचे पैसे वेगळे घेतो. तुझ्या बरोबरीची मुले मला म्हणतात की पाहणीचे पैसे मागितले तर ग्राहक पळून जातो. काही पळतात, हे खरे आहे. पण पाहणी म्हणजे नुसते डोकावून येणे नव्हे. स्विच, राउटर, यूपीएसची बॅटरी, वायरिंग, हिशेबाच्या सॉफ्टवेअरची आवृत्ती, ते नव्या ऑपरेटिंग सिस्टिमवर चालते का, पासवर्ड कोणाकडे आहेत, डोमेन कोणाच्या नावावर आहे, हे सगळे पाहून लिहून द्यायचे असते. हा कागद ग्राहकाने दुसऱ्या कोणाकडून काम करून घेतले तरी त्याच्या उपयोगाचा असतो. उपयोगाची वस्तू फुकट देण्याची सवय लागली की ती सुटत नाही. मला सुटायला सहा वर्षे लागली.

आता तासाचा दर. तू नोकरीतल्या पगाराला महिन्याच्या तासांनी भागून आलेली संख्या वापरली आहेस, आणि हे वाचून मी कपाळावर हात मारला. आठवड्याचे चाळीस तास धरले तर वर्षाचे दोन हजार ऐंशी होतात. त्यातून सुट्ट्या आणि आजारपणाचे चार आठवडे वजा केले की एक हजार नऊशे वीस उरतात. त्यातले निम्मे तास कोटेशन लिहिण्यात, वसुलीचे फोन करण्यात, नवे शिकण्यात आणि प्रवासात जातात, म्हणजे बिल लावण्याजोगे उरतात नऊशे साठ. नोकरीत तुला दोन हजार ऐंशी तासांचे पैसे मिळत होते. तेवढेच उत्पन्न नऊशे साठ तासांत मिळवायचे तर दर दुपटीहून अधिक हवा, आणि त्यात अजून तुझा लॅपटॉप, विमा, कर किंवा काम नसलेला महिना यांतले काहीच धरलेले नाही. हा आकडा ग्राहकाला दाखवायचा नसतो. ही तुझी तळरेषा आहे. तिच्याखाली जाणारे काम घ्यायचे नाही, एवढ्यासाठीच ती काढायची.

तासाप्रमाणे की ठोक, या प्रश्नावर लोक उगाच वाद घालतात. जे काम तुझ्या हातात आहे त्याचे ठोक घे. जे दुसऱ्याच्या जुन्या पसाऱ्यावर अवलंबून आहे त्याचे तासाप्रमाणे घे, पण कमाल मर्यादा लिहून. सर्व्हर उभा करणे, खाती आणि परवानग्या लावणे, चाचणी घेणे हे ठोक. जुनी माहिती हलवणे, जुने सॉफ्टवेअर नव्यावर चालवणे हे तासाप्रमाणे. आणि चालू ठेवणे हे तिसरेच काम आहे, त्याचे पैसे दरमहा. मायक्रोसॉफ्टची सुरक्षा अद्यतने दर महिन्याच्या दुसऱ्या मंगळवारी येतात. ती कोण लावणार? फाइली कुलूपबंद करून खंडणी मागणारा वॉनाक्राय हा व्हायरस १२ मे २०१७ रोजी पसरला तेव्हा त्याने ज्या त्रुटीचा फायदा घेतला तिची दुरुस्ती मार्चमध्येच उपलब्ध झालेली होती. ती न लावलेल्या यंत्रांमध्ये अशीही असणार, जी कोणीतरी ‘बसवून’ दिली होती आणि ज्यांच्याकडे पुढे बघायचे कोणी हे कुठेच लिहिलेले नव्हते. तसेच ‘आता दहा वर्षे हात लावावा लागणार नाही’ असे कधीही म्हणू नकोस. सेंटओएस ८ या मोफत ऑपरेटिंग सिस्टिमला २०२९ पर्यंत अद्यतनांचा आधार मिळेल असे गृहीत धरून अनेकांनी सर्व्हर उभे केले आणि तो २०२१ च्या अखेरीस संपला. जे तुझ्या हातात नाही त्याची मुदत तुझ्या आकड्यात घालू नकोस. हीसुद्धा हद्दच.

लायसन्स आणि यंत्र ग्राहकाला त्याच्या नावावर घ्यायला लाव. विंडोज सर्व्हरच्या स्टँडर्ड आवृत्तीसाठी यंत्राच्या प्रोसेसरमध्ये कमी कोअर (गणना करणारे भाग) असले तरी किमान सोळा कोअरचे लायसन्स घ्यावे लागते, शिवाय प्रत्येक वापरकर्त्याचे किंवा उपकरणाचे प्रवेश-लायसन्स वेगळे. तुझ्या फोनवरच्या आकड्यात हे होते का? मालकाला ते असल्यासारखेच वाटत असणार.

बॅकअपविषयी मात्र मला थांबावेसे वाटते. एका ग्राहकाच्या यंत्रात मी दोन डिस्कवर एकच माहिती लिहिणारी रेड मांडणी करून दिली आणि तोंडी म्हणालो, ‘आता काळजी नको.’ माझ्या मनात होते की एक डिस्क गेली तरी काम अडणार नाही. त्याने ऐकले की माहिती कधीच जाणार नाही. पुढे तिथल्या एका कर्मचाऱ्याने चुकून एक अख्खा फोल्डर पुसला, आणि तो अर्थातच दोन्ही डिस्कवरून एकदमच पुसला गेला. मी अकरा दिवस कागद आणि जुन्या ईमेल चाळून जमेल तेवढे परत उभे केले, एक पैसा न घेता, आणि तरीही तो संबंध तुटला. तीन प्रती, दोन प्रकारच्या माध्यमांवर, एक प्रत दुसऱ्या जागी, हा नियम मला तेव्हाही पाठ होता. पण कोटेशनमध्ये बॅकअपची ओळ नव्हती; ती असती तर त्याने पैसे दिले असते किंवा ‘नको’ असे लिहून दिले असते. आता ती ओळ मी नेहमी घालतो, आणि तिच्याखाली दर तीन महिन्यांनी माहिती परत आणून पाहण्याचे पैसेही.

मला हेकट म्हणणारे बरेच आहेत, आणि माझ्या कागदपत्रांना कंटाळून गेलेले ग्राहकही आहेत. त्यातला एक चांगला होता. आज वाटते, त्याच्यासाठी पाहणीचे पैसे पुढच्या बिलातून वळते करून देता आले असते. पण त्या वेळी मी वाकलो असतो तर पुढच्या प्रत्येकासाठी वाकत राहिलो असतो. निदान मी स्वतःला असे सांगतो.

आता तुझा तिसरा प्रश्न. आकडा वाढवू नकोस. दिलेला शब्द मागे घेतलास तर पुढचे काहीच तो मानणार नाही. तोच आकडा ठेव आणि त्यात काय बसते ते आज रात्री एका पानावर लिही: यंत्र उभे करणे, बारा खाती, सामायिक फोल्डर, एक दिवसाची चाचणी, आणि सुपूर्द केल्यानंतर पंधरा दिवसांपर्यंत तुझ्या कामातले दोष विनामूल्य. त्याखाली ‘यात समाविष्ट नाही’ असे लिहून माहितीचे स्थलांतर, प्रिंटर, बॅकअप, मासिक देखभाल आणि लायसन्स यांच्या ओळी घाल, प्रत्येकीपुढे दर टाक. सोमवारच्या आत ते पान पाठव आणि त्याचे लेखी उत्तर आल्याशिवाय यंत्राची ऑर्डर जाऊ देऊ नकोस. पाठवण्याआधी मला दाखव. आणि तिथे गेल्यावर तेवढा स्विच बघून ये.

तुझा शुभचिंतक