वाचकांचे प्रश्न : सिग्नल सुटला की डिझेल मागे का?

प्रश्न : माझी दीड लिटर डिझेल सेदान आणि मित्राची इलेक्ट्रिक सेदान, दोन्हींची ताकद कागदावर जवळपास सारखी. तरी पाम बीच रोडवर सिग्नल सुटताच तो पुढे जातो. गाडीत दोष आहे का? – एक वाचक, नेरूळ

उत्तर : बहुधा नाही. कागदावरची ताकद ही कमाल असते. सुटताना महत्त्वाचा असतो तो टॉर्क, म्हणजे चाक फिरवणारा जोर. डिझेल इंजिन उभ्या गाडीत ८००च्या आसपास आरपीएमवर (मिनिटाला फेरे) फिरतं आणि टर्बोचा (इंजिनात जादा हवा कोंबणाऱ्या पंख्याचा) दाब साधारण १,५०० ते १,७५०ला भरतो. तोवर क्लच अर्धा, मग गिअर बदलताना जोर तुटतो. इलेक्ट्रिकची मोटर शून्यापासूनच पूर्ण टॉर्क देते, गिअरही एकच. ताशी ८० किमीच्या पुढे मात्र मोटरचा टॉर्क उतरतो, बॅटरीचं वजनही असतंच. तिथे फरक बराच कमी होतो.

डिझेल गाडीने ठाण्याजवळच्या गायमुखच्या चढावर पाचव्या गिअरमध्ये १,२०० आरपीएमवर पाय दाबू नका, तिसरा टाका. तरीही ओढ नसेल, काळा धूर येत असेल आणि शिट्टीसारखा आवाज असेल, तर इंटरकूलरचा (टर्बोची हवा थंड करणाऱ्या भागाचा) होज, म्हणजे रबरी नळी, आधी तपासा. क्लिप सैल होऊन हवा गळते. एअर फिल्टरही पाहा.

तुलना करायचीच तर बंद ट्रॅकवर, सारखी माणसं बसवून, जीपीएसवर वेळ मोजा. बॅटरी अगदी उतरलेली असेल तर इलेक्ट्रिकही मंदावते.