खांद्याला बसणारा धक्का

ठाण्यात आमच्याकडे सरावाला येणारे नवे नेमबाज पॉइंट टू-टू (0.22 इंच कॅलिबरच्या) रायफलच्या धक्क्याची तक्रार करतात, तेव्हा मी आधी त्यांचा खांदा पाहतो. सुमारे 2.6 ग्रॅमची गोळी पाच किलोंच्या रायफलला फारसे मागे ढकलू शकत नाही. मात्र दस्ता, म्हणजे रायफलचा खांद्याला टेकणारा मागचा भाग, आणि खांदा यांच्यात बोटभर फट राहिली, तर तीच रायफल वेग घेऊन हाडावर आपटते. दस्ता तुमच्या मापाचा असेल, तर धक्का पसरून सौम्य वाटतो. दचकायला होते ते बहुधा आवाजाने, म्हणून कान नीट झाका. माझा आग्रह आहे की, सोबत्याकडून खऱ्या काडतुसांमध्ये अधूनमधून डमी, म्हणजे न उडणारे नकली काडतूस, भरून घ्या; चाप ओढल्यावर गोळी न सुटताही नळी खाली झुकली, तर तुम्ही धक्क्याआधीच अंग आवळता, हे तुम्हाला स्वतःलाच दिसेल.