वाचक विचारतात : पहिली स्पिअरगन, तंगूस आणि रबर

प्रश्न : श्वास रोखून डायव्हिंग करायला लागून मला दोन वर्षं झाली. आठ-दहा मीटरपर्यंत आरामात जातो. आता स्पिअरगनने, म्हणजे ताणलेल्या रबराने भाला सोडणाऱ्या बंदुकीने, मासे मारायला शिकायचंय. मित्र म्हणतो, घ्यायचीच तर एकदम 120 सेंटीमीटरची घे, लांबून मारता येतं. मी जिथे उतरतो तिथे चार-पाच मीटरपलीकडचं क्वचितच दिसतं. काय घेऊ?

उत्तर : 90 घ्या. पाणी बहुतेक वेळा गढूळ असेल तर 75. तुमच्या मित्राचं गणित निळ्या, उघड्या पाण्यातलं आहे. तिथे ते बरोबरही आहे, पण तुम्ही तिथे उतरत नाही.

बंदुकीवरचा आकडा दांड्याचा असतो, भाल्याचा नव्हे. 90 च्या बंदुकीत साधारण 130 सेंटीमीटरचा भाला बसतो, 120 च्या बंदुकीत 160 च्या आसपासचा. त्यात तुमचा लांब केलेला हात धरा. भाल्याचं टोक तुमच्या डोळ्यांपासून दोन मीटरच्याही पुढे जातं. चार मीटर दिसणाऱ्या पाण्यात मासा नजरेला पडेपर्यंत तो टोकाच्या जवळ आलेला असतो, आणि एवढं लांब धूड पाण्यात आडवं फिरवायला वेळ लागतो. मासा तेवढं थांबत नाही. खडकांच्या फटींत तर 120 ची बंदूक नीट वळतसुद्धा नाही.

आणखी एक. मास्कमधून पाहिलेली वस्तू खऱ्या अंतराच्या पाऊणपट अंतरावर दिसते. तीन मीटरवर वाटलेला मासा प्रत्यक्षात चार मीटरवर असतो. नवशिक्याचे नेम चुकतात ते बहुतेक लांबून मारल्यामुळे. माझ्या हातात 90 चा भरवशाचा पल्ला टोकापुढे अडीच-तीन मीटर आहे. त्यापलीकडे मी चाप ओढत नाही, कारण तिथून लागलेला भाला माशाला नुसता जखमी करतो.

भाला साडेसहा मिलिमीटर जाडीचा घ्या, एका पाकळीचा (पाकळी म्हणजे टोकाजवळची, माशात शिरल्यावर उघडणारी पट्टी), ज्याला ताहितीयन म्हणतात. दुकानात भाला चापाच्या यंत्रात सारा, 'टक्' असा आवाज ऐका आणि मागून पुढे जोरात ओढून बघा. तो तसूभरही हलता कामा नये. डायव्हिंगचा हातमोजा घालून चापापर्यंत बोट नीट पोचतं का, तेही बघा. हवेच्या दाबावर चालणाऱ्या बंदुका आखूड आणि जोरकस असतात, फटींत छान चालतात. पण बिघडल्या तर तुम्हाला घरी उघडता येणार नाहीत. पहिली बंदूक रबराचीच असू द्या.

प्रश्न : बंदुकीबरोबर आलेली, भाला बंदुकीला बांधून ठेवणारी दोरी दुसऱ्याच महिन्यात सुटली आणि भाला गेला. आता स्वतःच बांधायचं ठरवलंय. तंगूस (नायलॉनची एकसंध दोरी) बरी की डायनिमा (कृत्रिम तंतूंची विणलेली दोरी)? लांबी किती ठेवू?

उत्तर : तुम्ही 'तुटली' न लिहिता 'सुटली' लिहिलंत, त्यावर मी थांबले. माझ्याकडेही एकदा सुटलीच होती.

कपारीखाली शिरलेला मोठा मासा होता. भाला नीट लागला होता. त्याने खडकाला एक वळसा घेतला, दुसरा घेतला, आणि दोरी एकदम सैल झाली. वर येऊन टोक हातात घेतलं तर ते गोल, गुळगुळीत, कुठेही न तुटलेलं. क्रिम्पच्या नळीतून, म्हणजे दाबून फास पक्का करणाऱ्या धातूच्या नळीतून, तंगूस सरळ घसरून आली होती. डब्यात होती म्हणून मी एक माप मोठी नळी लावली होती. अंधार पडेपर्यंत त्या कपारी शोधल्या, मासा सापडला नाही. तो माझा भाला अंगात घेऊन गेला होता आणि त्याला वाचवणं किंवा संपवणं, दोन्ही माझ्या हातात उरलं नव्हतं. म्हणून क्रिम्पबद्दल जरा सविस्तर लिहिते.

नळी अशी हवी की तंगुशीचे दोन पदर तिच्यात शेजारी-शेजारी घट्ट बसतील, हलवून खुळखुळणार नाहीत. दाबायला क्रिम्पची पक्कडच वापरा. साध्या पकडीने नळी चपटी होते आणि कडेला फट राहते. दोन्ही टोकांना मिलिमीटरभर नळी न दाबता सोडा, नाहीतर तिची कड तंगुशीत रुतते. बाहेर राहिलेलं शेपूट तीन-चार मिलिमीटरवर कापा आणि लायटरने वितळवून त्याचा मोहरीएवढा मणी करा. ज्योत मुख्य दोरीला लागू देऊ नका. मग फास दाराच्या कडीत अडकवून अंगाचं वजन टाकून ओढा. घसरायची असेल तर घरीच घसरू दे.

भाल्याच्या मागच्या भोकातून तंगूस ओवण्याआधी त्या भोकातून कापूस फिरवा. तंतू अडकले तर कडेला धार आहे. बारीक पॉलिश पेपरची सुरळी करून ती घासा. नव्याकोऱ्या भाल्यालाही मला अशी धार सापडली आहे. तुमची दोरी खरंच तुटली असती, तर मी आधी इथेच शोधलं असतं.

खडकाळ तळ असेल तर तंगूसच, 1.6 ते 1.8 मिलिमीटरची. ती खडकावरून सरकते, गुंतत कमी आणि ओरखडा पडला तर नखाला लागतो. डायनिमा बारीक आणि मजबूत असते, क्रिम्पशिवाय गाठीने बांधता येते, पण खडकावर तिचे तंतू पिंजतात आणि ते पाण्याखाली दिसत नाही.

लांबीचं गणित सोपं. दोरी भाल्याच्या मागच्या टोकापासून निघून बंदुकीच्या तोंडाशी येते, तिथून मागे चापाजवळच्या खुंटीला वळसा घालून पुन्हा तोंडाशी जाते. म्हणजे बंदुकीच्या तिप्पट. 90 ला 2.70 मीटर, शिवाय दोन्ही फासांसाठी थोडी जास्त. तेवढ्यात भाल्याचं टोक तोंडापासून चार मीटरपर्यंत पोचतं. माशाला खेळवायला जागा हवी असेल तर आणखी एक वळसा, म्हणजे पाचपट. तोंडाशी दोरी थेट न बांधता बंजीचा (लवचीक, ताणल्या जाणाऱ्या दोरीचा) छोटा तुकडा मध्ये घाला, म्हणजे झटका तो सोसतो. दोरी ताठ हवी, पण खुंटीवरून बोटाने सहज उतरेल इतपतच.

रीलची (बंदुकीवरच्या दोरी गुंडाळायच्या चाकाची) घाई नको. मागच्या मुठीपासून पाण्यावर तरंगणाऱ्या बोयापर्यंत दोरी न्या. बोयावर झेंडा लावा, म्हणजे खाली माणूस आहे हे बोटीवाल्यांना कळेल.

प्रश्न : सेफ्टी (चाप अडवणारी कळ) लावून बोटीवरच रबर ताणून भाल्यावर चढवलं तर चालेल का? पाण्यात फार दमछाक होते.

उत्तर : नाही. रबर पाण्यातच चढवायचं आणि पाण्यातच उतरवायचं. सेफ्टीची कळ झिजते, तिच्यात वाळू जाते. तिच्यावर मी कधीच भिस्त ठेवत नाही. बंदुकीचं तोंड नेहमी माणसांपासून दूर, आणि एक जण खाली असताना जोडीदार वर त्याच्यावर नजर ठेवून.

दमछाक होते ती दंडाने ओढल्यामुळे. बंदुकीची मूठ छातीच्या मधल्या हाडावर टेकवा (तिथे पॅड असलेला सूट घ्या), दोन्ही हातांनी रबराच्या दोन्ही बाजू एकदम धरा आणि कोपर मागे नेत पाठीने ओढा. तरीही रबर भाल्याच्या खाचेपर्यंत पोचत नसेल, तर ते तुमच्यासाठी आखूड किंवा जाड आहे.

प्रश्न : मग रबर किती लांब कापायचं? जाड घेतलं की जोर वाढतो ना?

उत्तर : जोर वाढतो आणि नेम जातो. साडेसहाच्या भाल्यावर जबर रबर लावलं की सुटताना भाला वेतासारखा वाकतो, बंदुकीचं तोंड उचललं जातं आणि नेम वर जातो. 90 साठी 16 मिलिमीटरचं एकच रबर पुरे.

बंदुकीच्या तोंडातल्या रबराच्या भोकापासून भाल्याच्या खाचेपर्यंत मोजा. समजा 84 सेंटीमीटर आलं. दोन बाजूंचे 168. त्यातून विशबोनचे, म्हणजे रबराची दोन टोकं जोडून खाचेत अडकणाऱ्या दोरीच्या तुकड्याचे, 8 वजा करा, राहिले 160. सुरुवातीला 3.2 पट ताण ठेवा, म्हणजे 50 सेंटीमीटर रबर. दोन्ही टोकांना बांधलेला भाग ताणला जात नाही, त्याचे प्रत्येकी दोन धरून 54 कापा. हात तयार झाला की साडेतीन पटीपर्यंत जाता येईल.

विशबोनच्या डायनिमाला दोन्ही टोकांना गाठ मारा, पोकळ रबराचं तोंड साबणाच्या पाण्याने ओलं करा आणि बोथट सळईने गाठ आत ढकला. मग बाहेरून, गाठीच्या अलीकडे, बारीक डायनिमाने कन्स्ट्रिक्टर गाठ (आवळल्यावर सैल न होणारी) आवळा. रबराला खोल कंबर पडली पाहिजे. घरी आल्यावर गोड्या पाण्याने धुवा आणि उन्हात ठेवू नका. दर खेपेला उतरण्याआधी ते रबर तोंडाशी वाकवून बघा. वाकल्यावर बारीक भेगा उघडल्या तर त्याच दिवशी बदला, आणि जुनं कापून टाका, म्हणजे कुणी चुकून परत लावणार नाही.