प्लग काढला, तरी झोप येईना

‘माझ्या हातून चुकून काहीतरी दाबलं जाईल आणि बँकेतले पैसे जातील.’ साठी ओलांडलेली माणसं हल्ली माझ्याकडे समुपदेशनासाठी येतात ती बहुतेक ही धास्ती घेऊन. मुलं सोबत असतात आणि त्यांचा प्रश्न ठरलेला असतो: ‘मॅडम, ह्यांचा स्मार्टफोन काढूनच घेऊ का?’ माझं उत्तर बहुतेक वेळा ‘नको’ असतं. का, ते एका काकांच्या अनुभवातून सांगते. ओळख पटू नये म्हणून काही तपशील बदलले आहेत.

काका सोलापुरातल्या अशोक चौकाच्या बाजूचे. अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीत टॉवेलच्या कारखान्यात त्यांनी आयुष्यभर हिशेब सांभाळला. आता मुलाचा छोटा धंदा आहे, त्याची बिलं आणि लेबलं ते घरच्या कॉम्प्युटरवर काढून द्यायचे. एके दिवशी अचानक त्यांनी हे काम सोडलं. रात्री उठून वायफाय बंद करायचे, कॉम्प्युटरवर चादर टाकून ठेवायचे, पासबुक भरून आणायला सारखे बँकेत जायचे. झोप जवळजवळ गेलेली. घरच्यांना एवढंच माहीत होतं की पडद्यावर व्हायरसची सूचना आली, भोंगा वाजला आणि काकांनी घाबरून प्लग उपटला. पैसे एक रुपयाही गेले नव्हते. मुलगा म्हणाला, “मी शंभरदा सांगितलं, काही झालेलं नाही म्हणून. पण ऐकतच नाहीत.”

काही झालेलं नाही असं शंभरदा सांगूनही माणूस शांत होत नसेल, तर काहीतरी झालेलं असतं, असं मी धरून चालते. मुलाला बाहेर बसवलं. काका बराच वेळ पाण्याच्या टाइमिंगबद्दल बोलले, उन्हाबद्दल बोलले. मग म्हणाले, “तो बाण आपोआप फिरायला लागला ओ मॅडम. माझा हात माउसवर नव्हता.”

खरी गोष्ट तिथून सुरू झाली. प्रिंटर बंद पडला होता. मुलाला कशाला त्रास, म्हणून काकांनी गुगलवर कस्टमर केअरचा नंबर शोधला आणि सगळ्यात वरची लिंक उघडली. वरच्या काही लिंक पैसे देऊन लावलेल्या जाहिराती असतात, त्यावर बारीक अक्षरांत तसं लिहिलेलंही असतं. पण ते बघतं कोण? पडदाभर लाल इशारा आला, भोंगा वाजू लागला, खाली फोन नंबर. काकांनी फोन लावला. पलीकडे अत्यंत नम्र हिंदी. त्या माणसाने एक ॲप टाकायला लावलं, पडद्यावर आलेला आकडा वाचून घेतला आणि माउस त्याच्या ताब्यात गेला. त्याने कुठलीशी यादी उघडून दाखवली, लाल-पिवळ्या खुणांनी भरलेली. हे सगळे व्हायरस, म्हणाला. मग नेट बँकिंग उघडायला सांगितलं. तिथे काकांनी प्लग काढला.

ती यादी म्हणजे विंडोजची स्वतःची नोंदवही, इव्हेंट व्ह्यूअर. मशीनच्या रोजच्या बारीकसारीक कुरबुरी तिथे जमा होतात. धडधाकट कॉम्प्युटरमध्येही अशा खुणा सापडतात. आणि मायक्रोसॉफ्टच्या खऱ्या इशाऱ्यात फोन नंबर कधीच नसतो. हे ऐकल्यावर काका पहिल्यांदा जरा रागावले. मला ते बरं वाटलं. तोवर सगळा राग ते स्वतःवरच काढत होते.

त्यांना श्वासाचे व्यायाम शिकवून घरी पाठवणं सोपं होतं. पण ते ॲप अजून त्या मशीनमध्ये होतं. म्हणजे काकांच्या भीतीला आधार होता. अशा वेळी आधी मशीन, मग मन. त्यांची परवानगी घेऊन मुलाला आत बोलावलं. तो तोंड उघडायच्या आत त्याला एकच अट घातली: “असं कसं केलंत?” हे वाक्य आज नाही.

त्याच दिवशी घरी जाऊन त्यांनी आधी इंटरनेट तोडलं, मग सेटिंग्जमधल्या ॲप्सच्या यादीतून ते ॲप काढून टाकलं. विंडोज सिक्युरिटीत डिफेंडर या विंडोजच्याच अँटिव्हायरसचं ऑफलाइन स्कॅन असतं, ते चालवलं. मशीन बंद होऊन पुन्हा सुरू होतं, घाबरायचं नाही. पासवर्ड बदलले, तेही मुलाच्या फोनवरून, कारण ज्या मशीनवर शंका आहे त्यावर नवा पासवर्ड टाकण्यात अर्थ नाही. गुगल खात्याच्या सुरक्षा विभागात आपलं खातं कुठल्या कुठल्या उपकरणावर उघडं आहे ते दिसतं, ते तपासलं. बँकेला कळवलं. सायबर क्राइमच्या सरकारी पोर्टलवर तक्रारही नोंदवली.

पैसे गेले असते, तर सगळ्यात आधी १९३० हा सायबर फसवणुकीच्या तक्रारीचा सरकारी नंबर. तक्रार जितकी लवकर जाईल, तितकी पैसे पुढच्या खात्यातच गोठवता येण्याची शक्यता जास्त. रिझर्व्ह बँकेने जुलै २०१७ च्या परिपत्रकात घालून दिलेला नियम असा होता: पिन किंवा पासवर्ड ग्राहकाने स्वतःच सांगितला असेल, तर बँकेला कळवेपर्यंतचं नुकसान ग्राहकाचं आणि कळवल्यानंतरचं बँकेचं. म्हणजे ‘घरचे काय म्हणतील’ या विचारात घालवलेला तासही महाग पडू शकतो. काका इतके दिवस गप्प राहिले ते याच विचाराने. फोन काढून घेण्याची धमकी ज्या घरात आहे, तिथला माणूस दुसऱ्यांदा फसला तर सांगणारच नाही. ‘नको’ म्हणते ते म्हणून.

पुढच्या भेटीत मी त्यांना माझ्या ऑफिसातल्या कॉम्प्युटरसमोर बसवलं. पेपरची वेबसाइट उघडून एफ११ दाबायला लावलं. सगळं गायब, पडदाभर फक्त बातमी. काका दचकले. पुन्हा एफ११, सगळं जागेवर. “तो लाल पडदाही असाच एक पसरलेला कागद होता,” मी म्हटलं. अशा वेळी एस्केपचं बटण दाबून धरायचं. तरी जात नसेल तर कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप एकत्र दाबून टास्क मॅनेजर, म्हणजे चालू प्रोग्रॅमची यादी, उघडायचा आणि ब्राउझर बंद करायचा. पुन्हा उघडताना ‘आधीची पानं परत आणू का’ असं विचारलं, तर नाही म्हणायचं. काहीच सुचलं नाही, तर प्लग आहेच. काकांनी तेच केलं आणि योग्य केलं.

तेवढ्यात मुलाने सवयीने माउसकडे हात नेला. “सरका अप्पा, मी दाखवतो.” मी त्याला खुर्ची मागे घ्यायला सांगितली. हे ‘सरका’ मी घरोघरी ऐकते. आयुष्यभर लोकांचे पैसे चोख सांभाळलेल्या माणसाला ते किती लागतं, हे मुलांच्या ध्यानात येत नाही. शिकवायचं असेल तर हात मांडीवर ठेवून शिकवावं, वेळ लागला तरी.

एक व्यवस्था मात्र मी सगळ्यांनाच सुचवते: यूपीआय वेगळ्या खात्याला जोडा आणि त्यात महिन्याच्या भाजी-दुधापुरतेच पैसे ठेवा. पेन्शन आणि ठेवी दुसऱ्या खात्यात. आणि हे पाठ करून ठेवा: पैसे येण्यासाठी पिन कधीच टाकावा लागत नाही, शिल्लक बघायची नसताना पिन मागितला, तर पैसे जाणार असं समजा. व्हॉट्सॲपवर लग्नपत्रिकेच्या नावाखाली एपीके फाइल (फोनमध्ये ॲप टाकणारी फाइल) आली, तर पाठवणारा पाहुणा असला तरी उघडू नका. त्याचाच फोन हॅक झालेला असू शकतो.

काका आता बिलं काढतात, झोपही लागते. प्रिंटर कंपनीचा नंबर त्यांनी खोक्यावरून वहीत उतरवून घेतला आहे, गुगलला विचारत नाहीत. नेट बँकिंग त्यांनी परत सुरू केलेलं नाही. मुलाची इच्छा आहे, पण काका म्हणतात, बँक चालत जाण्याइतकी जवळ आहे आणि तिथला शिपाई ओळखीचा आहे. मीही आग्रह धरला नाही.