कंपवात: पेशी वाचवणारी गोळी आहे का?

प्रश्न: वडील ६६ वर्षांचे. अलीकडेच कंपवाताचं (पार्किन्सन्सचं) निदान झालं. उजवा हात थरथरतो, चाल मंदावली आहे. डॉक्टरांनी लेव्होडोपा (मेंदूत जाऊन डोपामिन होणारी गोळी) लिहून दिली, पण ‘तिने मेंदूतल्या उरल्यासुरल्या पेशीही जळतात, जितकी लांबवाल तितकं बरं’ असं नातेवाईक सांगतात. तोवर को-एन्झाइम क्यू-१० ही पूरक गोळी आणि कवचबीजाचं चूर्ण द्यावं का?

उत्तर: गोळी लांबवू नका. या भीतीपायी अनेकजण चांगली वर्षं वाया घालवतात. २०१९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या नेदरलँड्समधल्या चाचणीत एका गटाला लेव्होडोपा लगेच दिली, दुसऱ्याला ४० आठवड्यांनी. ८० आठवड्यांनी दोन्ही गट सारखेच होते. लवकर घेतल्याने आजार रोखला गेला नाही, पण बळावलाही नाही. उशिरा घेणाऱ्यांनी मात्र तेवढे महिने जास्त त्रासात काढले.

पेशी वाचवते असं सिद्ध झालेलं औषध आज नाही. क्यू-१० रोज १२०० आणि २४०० मिलिग्रॅम देऊन पाहिलं; फायदा दिसेना म्हणून २०११ मध्ये चाचणी थांबवली. क्रिएटिन हे पूरक आणि ई जीवनसत्त्व यांचाही फायदा दिसला नाही. हात थरथरायला लागेपर्यंत डोपामिन (हालचालींचे संदेश नेणारं मेंदूतलं रसायन) बनवणाऱ्या बऱ्याच पेशी गेलेल्या असतात, ही खरी अडचण. क्यू-१०चे पैसे वाचवा.

कवचबीजात लेव्होडोपाच असते, पण किती ते चूर्णागणिक बदलतं. गोळीसोबत घेतलं तर मात्रा वाढून मळमळ, भास, हातपाय वेडेवाकडे हलणं सुरू होऊ शकतं.

पैसे आणि वेळ व्यायामावर घालवा. औषध सुरू न झालेल्या नव्या रुग्णांना आठवड्यातून तीनदा ट्रेडमिलवर, हृदयाच्या कमाल ठोक्यांच्या ८० ते ८५ टक्क्यांवर चालवलं, तेव्हा सहा महिन्यांत हालचालींची लक्षणं जवळपास वाढली नाहीत. पेशी वाचल्या का, हे त्यातून ठरत नाही. वडिलांसाठी ढोबळ हिशेब: २२० वजा वय ६६ म्हणजे कमाल १५४, त्याचे ८० ते ८५ टक्के म्हणजे मिनिटाला १२३ ते १३१ ठोके. रमतगमत फेरी मारून एवढे होत नाहीत. आधी हृदयाची तपासणी हवीच. ठोके कमी ठेवणारी रक्तदाबाची गोळी चालू असेल तर हा हिशेब लागू नाही.

चक्करेसाठी सिनारिझिन किंवा फ्लुनारिझिन, उलटीसाठी मेटोक्लोप्रमाइड किंवा प्रोक्लोरपेराझिन चालू आहे का, ते आजच पाहा. ही औषधं डोपामिनची वाट अडवतात आणि कंप, ताठरपणा वाढवतात. चालू असल्यास डॉक्टरांना दाखवून बदलून घ्या.

लेव्होडोपा जेवणाआधी अर्धा-पाऊण तास घ्यावी. दूध, पनीर, डाळीतली प्रथिनं तिच्या शोषणाच्या आड येतात. सुरुवातीला मळमळलं तर सोबत एखादं बिस्किट चालेल. लोहाची गोळी दोन तास दूर ठेवा. एकदा सुरू केल्यावर आपल्या मनाने अचानक बंद करू नका: तीव्र ताप आणि अंग ताठरून जिवावर बेतू शकतं.