वाढदिवसाला व्हीगन पाहुणा येतोय? घाबरू नका

व्हीगन म्हणजे दूध, तूप, अंडं असं प्राण्यांपासून आलेलं काहीच न खाणारा. त्याच्यासाठी वेगळा स्वयंपाक मांडू नका. भेळ, बटाटेवडे, तेलातली कोथिंबीर वडी सगळ्यांनाच वाढा. छोट्या पाहुण्याला एकट्याला वेगळी डिश दिली की त्याला फार लागतं.

नवीन माणूस चुकतो तो इथे:
- एगलेस केक. अंडं नसलं तरी दूध, लोणी किंवा कंडेन्स्ड मिल्क बहुतेक वेळा असतंच.
- हाताच्या सवयीने सोडलेलं चमचाभर तूप.
- मसाला वेफर्स. पाकीट वाचा, काहींत दुधाची पावडर निघते; साधे खारे घ्या.

केक घरीच करा: मैदा, कोको, साखर, सोडा, तेल, पाणी. चमचाभर व्हिनेगर अगदी शेवटी घालून लगेच ओव्हनमध्ये ठेवा, मस्त फुगतो! क्रीमचं आयसिंग यंदा राहू द्या. शेंगदाणे चालतात ना, हे मात्र त्याच्या आईला आधीच विचारा.